टच पॅनेलवरचा कीबोर्ड: विंडोजचा, विकतचा की स्वतःचा?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका सोयाबीन प्रकल्पासाठी सी-शार्पमध्ये स्काडासारखं, म्हणजे मशीनवर नजर ठेवून ती चालवायचं, छोटं सॉफ्टवेअर लिहिलं आहे. १५ इंची टच पॅनेल पीसी, त्यावर विंडोज १०. खऱ्या कीबोर्डला जागा नाही. ऑफिसात लॅपटॉपवर सगळं चालतं, पण मशीनवर विंडोजचा टच कीबोर्ड कधी येतो, कधी येतच नाही. आला तर अर्धा स्क्रीन झाकतो. ऑपरेटर म्हणतात, मराठी कीबोर्ड द्या. मग विंडोजचाच वापरावा, विकत घ्यावा की स्वतः लिहावा?

बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वरच्या शेडमध्ये पॅनेल लावता लावता माझी बावीस वर्षं गेली. सरळ सांगतो. आकड्यांसाठी स्वतःचा कीपॅड लिहा. अक्षरांसाठी शक्यतो कीबोर्डची वेळच येऊ देऊ नका. विंडोजचा कीबोर्ड मेंटेनन्सवाल्यांच्या लॉगिनपुरता ठेवा. असं का, ते पुढे सांगतो. त्याआधी ‘कधी येतो, कधी येत नाही’ याचा निकाल लावू, कारण यात बहुतेक तुमच्या कोडची चूक नाही.

एका सूतगिरणीतून माझ्याकडे हीच तक्रार आली होती. कीबोर्ड रात्रपाळीत यायचा आणि दिवसपाळीत नाही. मी दोनदा दिवसा जाऊन पाहिलं, ड्रायव्हर बदलले, विंडोजचे अपडेट तपासले. ऑपरेटर एकच वाक्य म्हणायचा, “भाऊ, मी दाबून राहिलो तं काहीच नाही होऊन राहिलं.” तिसऱ्या खेपेला फिटरने मोबाइल चार्ज करायला पॅनेलची यूएसबी जागा हवी म्हणून बारकोड स्कॅनरची वायर उपटली, आणि समोर टुणकन कीबोर्ड उगवला. झालं असं होतं की यूएसबी स्कॅनर विंडोजला स्वतःची ओळख ‘कीबोर्ड’ अशीच करून देतो. स्कॅन केलेला कोड म्हणजे त्याच्या दृष्टीने भराभर दाबलेल्या कळा. खरा कीबोर्ड जोडलेला आहे असं दिसलं की विंडोज १० टच कीबोर्ड आपोआप दाखवत नाही. रात्री स्टोअर बंद व्हायचं तेव्हा स्कॅनर आत कुलपात जायचा, म्हणून रात्री सगळं ठीक. वायरलेस माऊस-कीबोर्डचा विसरलेला डोंगल आणि बरेच आरएफआयडी कार्ड रीडरही हेच करतात. तुमच्या पॅनेलच्या मागच्या बाजूला काय काय लावलं आहे ते आधी पाहा. स्कॅनर असेल तर त्याच्या पुस्तिकेतला सेटिंगचा बारकोड स्कॅन करून तो व्हर्च्युअल कॉम पोर्ट मोडमध्ये (म्हणजे विंडोजला तो साधं सिरियल पोर्ट वाटेल असा) टाकता येतो. मग तो कीबोर्ड राहत नाही. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ‘कीबोर्ड नेहमी दाखवा’ असा पर्याय आला आहे, पण तुमच्याकडे १० आहे. (मोबाइल चार्जिंगची ती यूएसबी जागा मात्र झाकून टाका. पॅनेलमध्ये व्हायरस याच रस्त्याने येतो.)

आता विंडोजच्या कीबोर्डबद्दल. हे दोन वेगळे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक जुना ऑन-स्क्रीन कीबोर्ड, म्हणजे ओएसके. तो अपंग वापरकर्त्यांच्या सोयीसाठी आहे. दुसरा टच कीबोर्ड, म्हणजे टॅबटिप. सी-शार्पमधून टॅबटिपची फाइल चालवली की कीबोर्ड यायचा, ही युक्ती विंडोज १० च्या २०१६ मधल्या अपडेटनंतर बंद पडली. प्रोसेस चालू होते, पण खिडकी दिसत नाही. लोक मग एका अधिकृत कागदपत्रात नसलेल्या कॉम इंटरफेसमधून, म्हणजे विंडोजच्या आतल्या एका दारातून, कीबोर्ड टॉगल करून काम भागवतात. चालतं, पण उद्याच्या अपडेटला चालेल याची हमी मी तरी ग्राहकाला लिहून देणार नाही. ओएसकेची गंमत आणखी वेगळी. तुमचा प्रोग्राम ३२-बिटचा आणि विंडोज ६४-बिटची असेल तर सिस्टम३२ फोल्डरचा पत्ता गुपचूप दुसरीकडे वळतो आणि ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड सुरू करता आला नाही’ असा संदेश येतो. सिसनेटिव्ह नावाचा आभासी पत्ता वापरला की तो सुरू होतो.

कीबोर्ड आपोआप येण्यासाठी विंडोजला हेही कळावं लागतं की बोट ठेवलं ती जागा लिहिण्याची आहे. डब्ल्यूपीएफमधल्या (सी-शार्पमध्ये स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) टेक्स्टबॉक्सबाबत हे डॉटनेट (सी-शार्प ज्यावर चालतं ती प्रणाली) ४.६.२ पासून नीट होतं. तुम्ही स्वतः रंगवलेला चौकोन असेल तर विंडोजच्या लेखी ते नुसतं चित्र. आणखी एक. प्रोग्राम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने चालवत असाल आणि विकतचा कीबोर्ड साध्या हक्कांनी चालत असेल, तर कळा दाबल्या जातील पण अक्षरं उमटणार नाहीत. खालच्या हक्कांच्या प्रोग्रामने वरच्या हक्कांच्या खिडकीत कळा पाठवायला व्हिस्टापासून मनाई आहे. माझ्या ओळखीतल्या एका पोराने यात आठवडा घालवला आणि शेवटी टच स्क्रीनच बदलून मागितला.

हे सगळं सुधारलं तरी विंडोजचा कीबोर्ड मशीनवर मला नको असतो, कारण ओएसकेवर आणि टच कीबोर्डच्या पूर्ण रचनेत विंडोजची कळ असते. ऑपरेटर एकदा त्या कळेवरून स्टार्ट मेन्यूत गेला की रात्री दोन वाजता स्क्रीनवर पत्त्यांचा डाव मांडलेला असतो. शिवाय तो कीबोर्ड जिथे उघडतो तिथे खाली अलार्मची पट्टी असते. कीबोर्डाखाली अलार्म झाकला जाणं मला कुठल्याच कारणाने मान्य नाही.

मशीनवर माणूस दिवसभरात टाइप करतो तरी काय? सेटपॉइंट (मशीनने गाठायचा ठरवलेला आकडा, जसं तापमान), वेळ, बॅचचं वजन. शंभरातल्या नव्वद वेळा आकडाच. त्यासाठी क्यूवर्टीच्या, म्हणजे पूर्ण इंग्रजी कीबोर्डच्या, चाळीस कळा कशाला? बारा-पंधरा बटणांचा कीपॅड तुमच्याच प्रोग्रामच्या आत, त्याच खिडकीत उघडा. बाहेरचा प्रोग्राम नाही, म्हणून फोकसची, म्हणजे कळा कोणत्या खिडकीत जायच्या त्याची, मारामारी नाही. (वेगळ्या खिडकीत करायचाच असेल तर तिला ‘नो-अ‍ॅक्टिव्हेट’ शैली द्या, नाहीतर पहिली कळ दाबताच ज्या चौकोनात लिहायचं त्याचा फोकस उडतो.)

माझ्या कीपॅडवर वरच्या ओळीत टॅगचं, म्हणजे ज्याचा आकडा टाकायचा त्या गोष्टीचं, नाव मराठीत असतं, जसं ‘कंडिशनर तापमान’. त्याखाली आत्ताची किंमत, एकक, आणि किमान-कमाल मर्यादा. नवा आकडा वेगळ्या मोठ्या चौकोनात. पहिला अंक दाबला की जुना आकडा पुसला जातो, त्यामागे जोडला जात नाही. ६० च्या पुढे ६५ दाबून ६०६५ झालेलं मी पाहिलं आहे. मर्यादेबाहेर गेलात की ‘ठीक’ बटन राखाडी होतं आणि मर्यादेचा आकडा लाल. ‘रद्द’ आणि ‘ठीक’ शेजारी-शेजारी नकोत. पीएलसीशी, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंट्रोलरशी, संपर्क तुटला असेल तर ‘ठीक’ दाबताच येऊ नये. मिनिटभर कोणी हात लावला नाही तर कीपॅड आपोआप बंद, काही न लिहिता. अर्धवट टाकलेला आकडा पुढच्या पाळीच्या माणसाने चुकून पुढे ढकलायला नको. मर्यादेची हीच तपासणी पीएलसीतही वेगळी लिहा. स्क्रीन हा विनंती करणारा, मालक पीएलसी. इमर्जन्सी स्टॉपबद्दल तर बोलूच नये, तो वायरीनेच हवा.

एक, दोन, तीन वर की खाली? टेलिफोनवर वर असतात, कॅल्क्युलेटरवर खाली. फोनची रचना अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेने माणसांवर चाचण्या घेऊन ठरवली होती. त्याचा अहवाल १९६० चा आहे. आमच्याकडचे ऑपरेटर दिवसभर मोबाइल वापरतात, पण मशीनवरच्या इतर कंपन्यांच्या पॅनेलवर बहुतेक कॅल्क्युलेटरची रचना असते. मी शेजारच्या पॅनेलशी जुळवून घेतो. एकाच शेडमध्ये दोन तऱ्हा नकोत, एवढंच पाहतो.

आता दशांश चिन्ह. इथे मी स्वतः हात पोळून घेतला आहे, म्हणून थोडं सविस्तर.

जर्मनीहून आलेला एक जुना ड्रायर, त्याच्या पीसीवर मूळ जर्मन विंडोज. आम्ही इंग्रजी-मराठी स्क्रीन करून दिले आणि कीपॅडवर आपल्याकडचा टिंब ठेवला. दीड वर्ष सुरळीत. मग एका दुपारी हीटर पूर्ण ताकदीने चालू राहिला आणि शेवटी वायरीने जोडलेल्या स्वतंत्र थर्मोस्टॅटने तो बंद पाडला. लॉग पाहिला तर ऑपरेटरच्या नावावर सेटपॉइंट ६२५. तो शपथेवर सांगत होता, “सायेब, मी बासष्ट पॉइंट पाचच टाकलं.” त्याचं कोणी ऐकलं नाही. मीही नाही, लॉग माझ्या हातात होता ना. रात्री घरी कोड चाळताना लक्षात आलं. जर्मन पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम असतो आणि टिंब हजार वेगळे करायला. डॉटनेटला त्या सेटिंगमध्ये ‘६२.५’ दिलं की तो टिंब गिळतो आणि निमूटपणे ६२५ परत देतो. चूक नाही, इशारा नाही. दीड वर्ष सगळे ६०, ६२, ६५ असे पूर्ण आकडेच टाकत होते. अर्ध्या अंशाची गरज त्या दिवशी पहिल्यांदा पडली. आणि पीएलसीत कमाल मर्यादा लिहायची मीच राहून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या ऑपरेटरला मॅनेजरसमोरच सांगितलं की चूक माझी होती. तेव्हापासून आकडा वाचताना इन्व्हेरिएंट कल्चर (कोणत्याही देशाच्या सेटिंगवर न अवलंबणारी पद्धत), आणि हजारांच्या चिन्हाला परवानगीच नाही. शिवाय लॉगमध्ये दोन रकाने: माणसाने कोणत्या कळा दाबल्या, आणि पीएलसीला काय गेलं. फक्त दुसरा रकाना असेल तर सॉफ्टवेअरची प्रत्येक चूक ऑपरेटरच्या नावावर चढते.

बटणांचं माप पिक्सेलमध्ये ठरवू नका. ६० पिक्सेलचं बटन जुन्या १५ इंची, १०२४ बाय ७६८ च्या स्क्रीनवर जवळजवळ १८ मिलिमीटर भरतं. तेच १५.६ इंची फुल एचडीवर पावणेअकराच्या आसपास. पॅनेल बदललं, ‘रिझोल्यूशन वाढलं’ म्हणून मालक खूश, आणि ऑपरेटर पेनाच्या टोपणाने बटन दाबतोय, हे दृश्य नेहमीचं. उघड्या बोटासाठी मी १५ मिलिमीटरच्या खाली जात नाही, हातमोजा असेल तर २०. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट. हा हिशेब केला की क्यूवर्टीचा प्रश्नही सुटतो. ७ इंची पॅनेल साधारण १५४ मिलिमीटर रुंद असतं. त्यात ११ कळांची ओळ बसवली तर फट धरून एका कळेला १४. म्हणजे तिथे क्यूवर्टी बसतच नाही.

टचच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह स्क्रीन दिसायला छान, पण तो साध्या जाड हातमोज्याला दाद देत नाही. मे महिन्यात नागपुरात बाहेर पारा ४५ च्या घरात असतो, पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल ते सांगायला नको. कपाळावरचा घामाचा थेंब स्क्रीनवर पडला की तोही बोट समजला जातो. तेल, पेंड, हातमोजे असतील तिथे मी अजून जुना, दाबावर चालणारा रेझिस्टिव्ह मागवतो. त्याला नखही चालतं आणि पेनही. वरचा थर झिजतो, तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो, एवढं ग्राहकाला आधी सांगून ठेवायचं.

आणि एक छोटी गोष्ट, जिने मला फार छळलं. टचवर बोट दाबून धरलं की विंडोज त्याला राइट-क्लिक समजायच्या तयारीत असते. बोटाभोवती चौकोन उमटतो आणि तोवर बटणाला काहीच कळत नाही. आपण ऑफिसवाले टिचकी मारतो. पण ज्याने आयुष्यभर हिरवं पुश बटन मोटर सुरू होईपर्यंत दाबून धरलं, तो स्क्रीनही तसाच दाबतो. ‘दाबून राहिलो तं काही नाही होऊन राहिलं’ याचा अर्थ कधी कधी अगदी शब्दशः असतो. डब्ल्यूपीएफमध्ये कीपॅडपुरतं ‘प्रेस अँड होल्ड’ बंद करता येतं, ते करा. अंकाची कळ बोट टेकताच उमटू द्या, रंग बदलू द्या, बारीक आवाज द्या. ‘ठीक’ मात्र बोट उचलल्यावर, म्हणजे मन बदललं तर बोट सरकवून बाहेर काढता येतं. रेझिस्टिव्हवर एकाच दाबाचे दोन दाब होतात, म्हणून तीच कळ दीडशे मिलिसेकंदांत पुन्हा आली तर मी ती सोडून देतो.

पासवर्डचं फार मनावर घेऊ नका. पॅनेलवर लांबलचक पासवर्ड मागितला की तो दुसऱ्या दिवशी पॅनेलच्या दारावर मार्करने लिहिलेला सापडतो. पीआयएन किंवा कार्ड बरं. पीआयएन असेल तर दाबलेली कळ चमकवू नका, मागे चार जण उभे असतात. कार्ड रीडर घेतलात तर वरची स्कॅनरची कथा आठवा. औषध कारखान्यात मात्र हे चालणार नाही. तिथे माल अमेरिकेला जात असेल तर तिथला इलेक्ट्रॉनिक नोंदी-सह्यांचा नियम, २१ सीएफआर भाग ११, लागतो, सहीबरोबर नाव, वेळ आणि सही कशासाठी केली ते नोंदवावं लागतं. ते काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे.

विकतचा कीबोर्ड कधी घ्यावा? जुनं सॉफ्टवेअर आहे, सोर्स कोड हातात नाही, तेव्हा. त्यात विंडोजची कळ, ऑल्ट आणि कंट्रोल बंद करता येतात का, रचना बदलता येते का, एवढं विचारून घ्या. लिनक्सवर क्यूटी या साधनसंचात काम करत असाल तर त्याचा स्वतःचा व्हर्च्युअल कीबोर्ड चांगला आहे, पण तो जीपीएल ३ या मुक्त परवान्यावर किंवा पैसे भरून घ्यायच्या परवान्यावर मिळतो. मशीनबरोबर विकण्याआधी तो परवाना वाचा. ब्राउझरमधला एचएमआय (मशीन चालवायचा स्क्रीन) असेल तर इनपुटमोडला ‘नन’ देऊन सिस्टमचा कीबोर्ड दाबून टाका आणि आपला कीपॅड दाखवा.

राहिला मराठी कीबोर्ड. विंडोज १० मध्ये इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण रचना) तर आहेच, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा मराठी कीबोर्डही आहे. पण तो देण्याआधी दोन खड्डे पाहून ठेवा. पहिला पीएलसीत. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. ‘सोयाबीन’ सात चिन्हांचं, म्हणजे २१ बाइट. २० बाइटच्या स्ट्रिंगमध्ये शेवटचा ‘न’ अर्धवट कापला जातो आणि स्क्रीनवर प्रश्नचिन्ह दिसतं. दुसरा खड्डा आकड्यांचा. मराठी कीबोर्डवरून कोणी ‘६२’ देवनागरीत टाकलं तर डॉटनेटची ‘हा अंक आहे का’ ही तपासणी हो म्हणते, आणि पुढच्याच ओळीत त्याचा आकडा करायला गेलं की प्रोग्राम एक्सेप्शन, म्हणजे चूक, दाखवून अडतो. म्हणून कीपॅडवर मी इंग्रजी आकडेच ठेवतो. मीटरवर, गेजवर, वजनकाट्यावर सगळीकडे तेच आहेत, आणि त्याबद्दल आजवर एकाही ऑपरेटरने तक्रार केलेली नाही.

तक्रार असते ती वेगळीच. तुमच्या ऑपरेटरला मराठी कीबोर्ड कशाला हवाय, हे तुम्ही विचारलं का? मी एका तेल गिरणीत विचारलं, तेव्हा कळलं की मशीन थांबली की कारण लिहावं लागतं. तो चौकोन इंग्रजीत होता आणि सगळे जण त्यात ‘एबीसी’ लिहून मोकळे होत. त्या चौकोनाऐवजी मी आठ मोठी बटनं दिली: लाइट गेली, पट्टा तुटला, कच्चा माल नाही, सफाई, मोटर ट्रिप, वाफ कमी, फिटरची वाट, इतर. ‘इतर’ दाबलं तरच कीबोर्ड उघडतो. महिन्याभराने गेलो तर तो एकदाही उघडला नव्हता. पाळीचा मुकादम मात्र नववं बटन मागत होता: “भाऊ, जेवनाच्या सुट्टीचं राहिलं ना.”